मालदांडी का टिकली?

(धाराशिव जिल्ह्यातील रब्बी ज्वारी व सुधारित वाण या विषयावरील व्याख्यानाचा मजकूर)



आश्विन शुद्ध प्रतिपदेला तुळजापुरात जगदंबेच्या मंदिरात घटस्थापना होते. त्याच दिवशी धाराशिव जिल्ह्यातील घराघरांत देवापुढे पत्रावळीवर काळी माती पसरली जाते आणि तीत धान्य पेरले जाते. नऊ दिवसांत ते हातभर नसले तरी वीतभर वर येते आणि घरातील वडीलधारी माणसे कोणते धान जोमदार आले आहे, कोणते विरळ, हे निरखून पाहतात. शहरी सुशिक्षितांना हा केवळ कुलाचार वाटतो. परंतु हा काळ उत्तरा आणि हस्त नक्षत्रांच्या आसपासचा, म्हणजेच रब्बी ज्वारीच्या पेरणीचा असतो. कणगीतले बियाणे शेतात नेण्यापूर्वी ते उगवते की नाही याची परीक्षा देवासमोर घेण्याची ही रीत असावी, असे अनेक जाणकार मानतात, आणि ते न पटण्यासारखे नाही.

हा उल्लेख प्रारंभी करण्याचे कारण असे की, गेली साठ वर्षे आपल्याकडे एक तक्रार सातत्याने ऐकू येते. लहान शेतकरी परंपरेला चिकटून बसतो, विद्यापीठांनी कष्टाने तयार केलेले सुधारित वाण तो स्वीकारत नाही, म्हणून त्याचे उत्पन्न वाढत नाही, अशी ती तक्रार. परिसंवादांत, अहवालांत आणि पुष्कळदा मध्यमवर्गीय घरांतील गप्पांतही ती उच्चारली जाते. धाराशिव जिल्ह्याचा अनुभव मात्र वेगळेच सांगतो.

पहिली गोष्ट सोयाबीनची. जबलपूर येथे निर्माण झालेला जे.एस. ३३५ हा सोयाबीनचा वाण १९९४ मध्ये प्रसारित झाला. त्यापूर्वी मराठवाड्याच्या खरिपात ज्वारी, तूर, मूग, उडीद यांचे राज्य होते. त्यानंतरच्या दीड-दोन दशकांत उमरगा-लोहाऱ्यापासून कळंब-वाशीपर्यंत खरिपाचे शिवार सोयाबीनने व्यापले. ज्या पिकाचे नावही आजोबांना ठाऊक नव्हते, ते नातवाने कोणत्याही सक्तीविना स्वीकारले. तीन-साडेतीन महिन्यांत निघणारे पीक, हाती येणारी रोकड आणि घरचेच बियाणे पुन्हा पेरण्याची सोय, एवढे त्याने पाहिले. मग हाच शेतकरी ज्वारीच्या बाबतीत दुराग्रही कसा ठरतो? दोष त्याच्या बुद्धीत नसून त्याच्यापुढे ठेवल्या गेलेल्या वाणांत आणि ते ठेवण्याच्या पद्धतीत असला पाहिजे.

हे समजून घेण्यासाठी रब्बी ज्वारीचा स्वभाव जाणून घ्यावा लागतो. बालाघाटच्या पठारावर, मांजरा, तेरणा आणि सीना या नद्यांच्या खोऱ्यांत वसलेला हा जिल्हा अवर्षणप्रवण आहे. येथे पाऊस पडतो तो बहुतांशी पावसाळ्याच्या उत्तरार्धात, आणि तोही भरवशाचा नाही. रब्बी ज्वारी पेरली जाते तेव्हा पाऊस परतीच्या वाटेवर असतो. पुढचे चार महिने हे पीक काळ्या जमिनीने पोटात धरून ठेवलेल्या ओलाव्यावर जगते. डिसेंबरात जमीन तडकते, भेगा पडतात, मुळे तुटतात. तरीही कणीस भरते. जगातील फार थोडी धान्यपिके अशा परिस्थितीत तग धरतात. मार्गशीर्ष अमावास्येला, म्हणजे या भागातील येळवशीला, आख्खे गाव ओस पडून शिवारात जमते. कडब्याची कोप उभी राहते, पांडवांची पूजा होते, अंबील आणि भज्जीचा नैवेद्य दाखवला जातो. तो उत्सव प्रामुख्याने या उभ्या ज्वारीचा असतो. सोयाबीनचा कोणताही सण नाही.

आता मालदांडीकडे येऊ. धाराशिवच्या शेजारी सोलापूर जिल्ह्यात मोहोळ हे गाव आहे. १९३० च्या दशकात तेथील संशोधन केंद्रात स्थानिक मालदांडी ज्वारीतून एक वाण निवडण्यात आला. त्याचे नाव एम ३५-१.  यात कोणताही परदेशी वाण आणून केलेला संकर नव्हता. शेतकऱ्यांच्या शेतात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या मिश्र ज्वारीतून उत्तम कणसे वेचायची, प्रत्येक कणसाचे दाणे वेगळ्या ओळीत पेरायचे, त्यांतील कमकुवत ओळी काढून टाकायच्या आणि हे काम वर्षानुवर्षे करीत राहायचे, अशी ही निवडपद्धती. शेतकरी आपल्या खळ्यावर जे करीत होता तेच शास्त्रज्ञांनी अधिक शिस्तीने, नोंदी ठेवून केले.

त्या काळी मोहोळ मुंबई प्रांतात होते आणि धाराशिव निजामाच्या राज्यात. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत या दोन शेजाऱ्यांच्या मधोमध राज्याची सीमा होती. जमीन मात्र एकच, पाऊसही एकच, भाकरीही एकच. पुढे मालदांडी सोलापूर, धाराशिव, बीड, नगर असा सारा दुष्काळी पट्टा व्यापून राहिली. सुमारे नऊ दशकांनंतर आजही रब्बी ज्वारीची चर्चा तिच्यापासून सुरू होते. केंद्र सरकार दरवर्षी किमान आधारभूत किंमत जाहीर करते तेव्हा ज्वारीचे दोनच दर असतात, एक संकरित ज्वारीचा आणि दुसरा 'मालदांडी' या नावाचा. २०२४-२५ च्या हंगामासाठी ते अनुक्रमे क्विंटलला ३३७१ आणि ३४२१ रुपये होते. शासनाच्या दरपत्रकात पिकाबरोबर वाणाचेही नाव लिहिले जाण्याचा हा दुर्मीळ मान आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले तेही मालदांडीचेच कौतुक होय.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. ज्वारीचे मूळ आफ्रिकेत आहे. काही हजार वर्षांपूर्वी ती भारतात आली आणि येथील शेतकऱ्यांनी येथील माती, येथील थंडी, येथील जनावरे आणि येथील चूल यांना साजेल असे रूप तिला दिले. स्वदेशी या शब्दाचा अर्थ संकुचित करू पाहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. बाहेरून आलेले सारे त्याज्य नसते. जे आले ते आपल्या जीवनात मुरले की नाही, एवढाच प्रश्न असतो.

स्वातंत्र्यानंतर अन्नधान्याच्या टंचाईचे चटके देशाने सोसले. जहाजांनी येणाऱ्या अमेरिकन गव्हावर शहरे जगत होती. अशा काळात, १९६४ मध्ये, सी.एस.एच. १ हा ज्वारीचा भारतातील पहिला संकरित वाण प्रसारित झाला. त्याची मादी अमेरिकेतील 'कंबाइन काफिर ६०' ही होती. बुटका, लवकर येणारा, खताला भरभरून प्रतिसाद देणारा असा तो वाण. त्या वेळचे मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांनी संकरित ज्वारीचा हिरिरीने प्रसार केला. उत्पादन वाढले, हे निर्विवाद. १९७२ च्या दुष्काळात ज्यांनी रेशनवरचा लाल मिलो रांगेत उभे राहून आणला आणि रोजगार हमीच्या कामावर सुकडी खाल्ली, त्या पिढीला धान्य वाढण्याचे मोल कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. संकरित ज्वारीची केवळ टवाळी करणे कृतघ्नपणाचे ठरेल.

तरीही 'हायब्रीड' हा शब्द मराठी बोलीत कसा रूढ झाला ते पाहावे. बेचव वस्तूला, अंगात कस नसलेल्या माणसाला लोक 'हायब्रीड' म्हणू लागले. खरिपातील हे पीक लवकर तयार होई आणि नेमक्या त्याच वेळी पाऊस गाठी. दाण्यावर बुरशी चढून तो काळा पडे. बाजारात भाव पडे. ताट आखूड असल्याने कडबा कमी निघे, आणि जनावरे तो आवडीने खात नसत. पुढचे वाण यापेक्षा पुष्कळ सुधारले. परंतु खरिपातील ज्वारीला सोयाबीनसारखा प्रतिस्पर्धी मिळताच ती मागे हटली.

रब्बीत तर संकरित वाण पायच रोवू शकले नाहीत. 'आर' हे अक्षर लावलेले खास रब्बीसाठीचे संकरित वाण १९७० नंतर एकामागून एक आले. प्रात्यक्षिकांत त्यांनी मालदांडीपेक्षा जास्त धान्य दिले. शेतकऱ्यांनी ते पाहिले आणि घरी जाऊन मालदांडीच पेरली.

असे का झाले, याचे उत्तर क्विंटलच्या आकड्यात सापडत नाही. परंड्याकडील दोन-अडीच एकरांचा कोरडवाहू शेतकरी डोळ्यांसमोर आणावा. त्याच्या दावणीला बैलजोडी किंवा एक म्हैस आहे. जानेवारी-फेब्रुवारीत ज्वारी उपटून काढल्यावर त्याच्या हाती दोन पिके येतात, एक धान्याचे आणि दुसरे कडब्याचे. पेंढ्यांचा शेकडा हे त्याचे दुसरे चलन आहे. दुष्काळी वर्षी कडब्याचा भाव असा चढतो की, धान्यापेक्षा वैरणीनेच घर सावरले असे म्हणण्याची वेळ येते. २०१२-१३ मध्ये आणि पुन्हा २०१५-१६ मध्ये मराठवाड्यात जनावरांसाठी चारा छावण्या उघडाव्या लागल्या, हे विसरता येणार नाही. दाणा दीडपट आणि कडबा निम्मा देणारा वाण अहवालात यशस्वी ठरतो, दावणीपुढे तो नापास होतो.

दुसरी परीक्षा चुलीपुढची. मालदांडीचा दाणा गोल, टपोरा, मोत्यासारखा चकाकणारा. तिच्या पिठाला ऊन पाण्यात चिकटपणा येतो, भाकरी पातळ थापली जाते, कडेने चिरत नाही, तव्यावर टम्म फुगते आणि संध्याकाळपर्यंत मऊ राहते. पहाटे थापलेली भाकरी दुपारी रानात कांद्याबरोबर खाणाऱ्या घरात या शेवटच्या गुणाला फार किंमत आहे. नव्या ज्वारीचे पहिले दळण घरात आले की निकाल सासूबाई देतात. "ह्या पिठाला वळणच न्हाई बाई, भाकर हातातच मोडतीया," असे एकदा त्यांच्या तोंडून निघाले की पुढच्या हंगामात त्या वाणाची पिशवी घरात येत नाही. कृषी अधिकारी बांधावर पुरुषांशी बोलून परततात. निर्णय मात्र स्वयंपाकघरात झालेला असतो.

तिसरी परीक्षा निसर्गाची. पेरणीनंतर महिनाभरात खोडमाशी पोंगा मारते. दाणा भरताना ओलावा संपला की खडखड्या रोगाने ताटे आतून पोकळ होऊन कोलमडतात. मालदांडी या दोहोंपुढे सर्वस्वी अभेद्य नाही, परंतु परक्या जनकांपासून झालेल्या अनेक संकरितांपेक्षा ती अधिक सहनशील आहे. तिचे उत्पन्न चांगल्या वर्षी डोळे दिपवणारे नसते. वाईट वर्षी ते शून्यावर येत नाही. ज्याच्या पाठीशी बँकेतील शिल्लक नाही, त्याच्या हिशेबात दुसऱ्या गुणाचे वजन पहिल्यापेक्षा जास्त असते. याला अज्ञान म्हणणाऱ्यांनी स्वतःची सारी पुंजी कधी शेअर बाजारात लावली आहे काय, हे त्यांनाच विचारावे.

येथपर्यंत ऐकल्यावर काही मंडळींना आनंद होईल की, चला, जुने तेच सोने. हा निष्कर्षही तितकाच चुकीचा आहे. मालदांडी स्वतःच एके काळचा सुधारित वाण होती, हे वर सांगितलेच आहे. शिवाय गावोगावी 'मालदांडी' म्हणून जे पेरले जाते त्यात वर्षानुवर्षांची भेसळ झालेली आहे. ज्वारी मुख्यतः स्वपरागीकरणाने फळत असली तरी शेजारच्या शेतातील पराग काही प्रमाणात येतोच. निवड न करता खळ्यावरच्या राशीतून बियाणे उचलले की वाणाचा कस हळूहळू उतरतो. कोरडवाहू ज्वारीच्या हेक्टरी दहा क्विंटलच्या आत-बाहेर घुटमळणाऱ्या उत्पन्नावर घर चालत नाही, आणि मुलगा पुण्याच्या एखाद्या गोदामात हमालीला जातो. परंपरेचे गोडवे गाऊन तो परत येणार नाही.

समाधानाची बाब अशी की, शास्त्रज्ञांनी या शेतकऱ्याचे म्हणणे उशिरा का होईना ऐकले. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ आणि परभणीचे मराठवाडा कृषी विद्यापीठ, म्हणजे २०१३ पासूनचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ, यांनी रब्बीसाठी मालदांडीच्या धर्तीचे सरळ वाण दिले. त्यांत दाण्याची चकाकी आणि कडब्याची गोडी राखून उत्पन्न वाढवण्याचा प्रयत्न आहे. महत्त्वाचे म्हणजे, एकच वाण साऱ्या जिल्ह्याच्या माथी मारण्याचा हट्ट सोडून जमिनीच्या खोलीप्रमाणे शिफारस होऊ लागली. भूम-वाशीकडील माळाच्या हलक्या, हातभरही खोल नसलेल्या जमिनीसाठी फुले माउली आणि फुले अनुराधा. मध्यम जमिनीसाठी फुले सुचित्रा आणि परभणी मोती. भारी काळीसाठी फुले वसुधा. एखाद-दुसरे पाणी देता येत असेल तर फुले रेवती. आपल्या कोणत्या तुकड्याला किती खोल माती आहे हे शेतकऱ्याला नांगराच्या फाळावरून ठाऊक असते. शिफारस त्याच्या भाषेत आली की ती त्याला पटते. खरिपासाठी परभणी विद्यापीठाने हैदराबादजवळील इक्रिसॅट या संस्थेच्या सहकार्याने २०१८ मध्ये प्रसारित केलेली 'परभणी शक्ती' तर लोह आणि जस्त यांचे प्रमाण वाढवलेली ज्वारी आहे. ग्रामीण स्त्रियांतील रक्तक्षयाचे प्रमाण पाहता गोळीपेक्षा भाकरीतून मिळणारे लोह हा उपाय अधिक सुलभ ठरावा.

मग हे वाण सर्वदूर का दिसत नाहीत? खरी अडचण येथे आहे, आणि ती शेतकऱ्याच्या मनात नाही. संकरित बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते, म्हणून ते विकण्यात खाजगी कंपन्यांना स्वारस्य असते. त्यांचे फलक खेड्यातील प्रत्येक दुकानावर झळकतात. सरळ वाणाचे बियाणे शेतकरी एकदा घेतो आणि चांगली निवड केली तर तीन-चार वर्षे घरचेच वापरतो. ज्या मालात गिऱ्हाईक पुन्हा परतत नाही, तो माल कोणता व्यापारी ठेवील? हे काम महाबीज, विद्यापीठे आणि कृषी विभाग यांच्यावर येऊन पडते. पैदासकार बियाण्यापासून पायाभूत, पायाभूतपासून प्रमाणित, अशी ती साखळी लांबते. हस्ताचा पाऊस कुणासाठी थांबत नाही. पिशवी ऑक्टोबरच्या उत्तरार्धात पोहोचली तर पेरणी लांबते, लांबलेल्या पेरणीवर खोडमाशी तुटून पडते, आणि दोष मात्र नव्या वाणाला लागतो. ज्या शेतकऱ्याने एकदा असा अनुभव घेतला, तो पुढे कुणाच्या सांगण्यावरून वाण बदलील ही अपेक्षाच व्यर्थ आहे.

बियाण्यावर शेतकऱ्याचा हक्क हा विषय राष्ट्रीय विचारांच्या कार्यकर्त्यांना नवा नाही. दत्तोपंत ठेंगडी यांनी १९७९ मध्ये भारतीय किसान संघाची स्थापना केली. पुढे डंकेल प्रस्ताव आणि जागतिक व्यापार संघटनेच्या अटी यांविरुद्ध जे जनजागरण झाले, त्यात बियाण्याच्या पेटंटचा प्रश्न अग्रभागी होता. अटलजींच्या कारकिर्दीत, २००१ मध्ये, पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा संमत झाला. संशोधकाचा हक्क मान्य करतानाच शेतकऱ्याला आपल्या शेतातील बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देण्या-घेण्याचा आणि छापील नाममुद्रा न लावता विकण्याचाही हक्क त्यात दिलेला आहे. २०१९ मध्ये गुजरातेत एका बहुराष्ट्रीय कंपनीने बटाटा उत्पादकांवर दावे लावले तेव्हा याच कायद्याचा आधार घेतला गेला आणि कंपनीला दावे मागे घ्यावे लागले. परंतु राखण्याजोगे उत्तम बियाणे हाती नसेल तर हक्क कागदावरच राहतो.

या जिल्ह्यात वेगवेगळ्या बाजूंनी प्रयत्न झाले आहेत. तुळजापूरला परभणी विद्यापीठाचे कृषी विज्ञान केंद्र आहे. शेजारच्या बीड जिल्ह्यात अंबाजोगाईजवळ नानाजी देशमुख यांच्या दीनदयाळ शोध संस्थानचे केंद्र आहे. नानाजी स्वतः मराठवाड्याचे सुपुत्र. १९९३ च्या भूकंपानंतर लातूर-धाराशिवमध्ये स्थिरावलेल्या 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेने स्त्रियांसाठी एक एकराचा उपक्रम चालवला. घरच्या जमिनीतील एका एकरावर काय पेरायचे हे स्त्रीने ठरवायचे, असे त्याचे सूत्र. ठरवण्याचा अधिकार मिळताच अनेकींनी नगदी पिकाऐवजी ज्वारी, डाळी आणि भाज्या निवडल्या. २०१६ मध्ये या कामाला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा विषुववृत्त पुरस्कार मिळाला. विचारांच्या छटा वेगळ्या असतील. चुलीपुढे होणारा निर्णय बांधापर्यंत नेण्याचे काम मात्र येथे झाले, हे मोकळेपणाने मान्य करावे.

२०२३ हे वर्ष भारताच्या प्रस्तावावरून जगाने भरड धान्य वर्ष म्हणून साजरे केले. शहरांत ज्वारीच्या बिस्किटांची चलती झाली. त्याच वर्षी जिल्ह्याला धाराशिव हे आपले मूळ नाव अधिकृतपणे परत मिळाले. दोन्ही घटना आनंदाच्याच. तथापि बिस्किटांसाठी ज्वारी पिकवणाऱ्याला ती उपटायला आणि कणसे खुडायला मजूर मिळत नाहीत, पाखरे राखायला घरात माणूस नाही, आणि सोयाबीननंतर हरभरा पेरणे त्याला सोपे जाते. ज्वारीचे क्षेत्र आक्रसण्याचे हे कारण वाणाइतकेच मोठे आहे, आणि सोपे काढणी यंत्र हाती आल्याखेरीज ते दूर होणार नाही.

तोवर गावपातळीवर होण्याजोगे एक काम आहे. एका गावात चार-पाच विश्वासू शेतकऱ्यांनी अर्धा-अर्धा एकर सरळ वाणाचे पायाभूत बियाणे पेरावे. एकरी चार किलो पुरते. आसपासच्या ज्वारीपासून अंतर राखावे, पीक फुलोऱ्यात येण्यापूर्वी वेगळी दिसणारी झाडे उपटून टाकावीत. कणसे उभ्या पिकातून, शेताच्या मध्यभागातून निवडावीत आणि खळ्याच्या राशीत न मिसळता वेगळी वाळवावीत. कडुनिंबाचा पाला घालून उतरंडीत ठेवलेले हे बियाणे पुढील भाद्रपदात शेजाऱ्यांना सव्वापटीने परत करण्याच्या बोलीवर द्यावे. ही सवाईची रीत जुन्या पिढीला परिचित आहे. पेरणीपूर्वी काणी रोगासाठी किलोला चार ग्रॅम गंधक चोळावे. आणि घटस्थापनेच्या आठ-दहा दिवस आधी शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावेत. चार-पाच दिवसांनी उलगडून पाहावे. पंच्याहत्तर किंवा अधिक दाण्यांना मोड आले असतील तर पेरणीला हरकत नाही. त्यापेक्षा कमी आले, तर दुसरे बियाणे मिळवायला अजून काही दिवस हाती असतात.